एकशेवीस ढांगा

आत्याने आठ दिवसांचा कार्यक्रम कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता. सोमवारी गोठा, मंगळवारी पंपघर आणि दूध संकलन केंद्र, बुधवारी होडी, गुरुवारी भाजीचा ट्रक कसा भरतात ते. मोठे साहेब तपासणीला यावेत तशी तिची धांदल उडाली होती. गोठा दोनदा धुऊन झाला, म्हशीच्या शिंगांना तेल लागलं, पंपघराची गंजकी कडीसुद्धा घासून निघाली. म्हैस बिचारी दोन दिवस बावरून उभी होती. आणि येणारे साहेब कोण, तर तिच्या भावाची दोन पोरं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा.

धांदलीला कारण होतं. भावाला आणि भावजयीला वर्षभर दूरच्या कामावर जायचं होतं आणि पोरांना बरोबर नेणं जमणार नव्हतं. एक तर वसतिगृह, नाही तर तळ्याकाठची आत्या. भावाने निर्णय पोरांवरच सोडला होता. आठ दिवस राहून बघा, रविवारी मी आलो की काय ते सांगा. आत्याचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बोलणारा म्हणून एक रेडिओ उरला होता, पण रेडिओला आपलं काही ऐकून घ्यायची सवय नसते. पोरं राहावीत म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. ती हे कुणापाशी बोलून दाखवेल तर शपथ.

तळं दाखवताना तर तिचा थाट असा, की जणू ते हिनेच खणून घेतलंय. कुठलं शेत कुणाचं, कुणाची गाय लाथाडते, कुठल्या वळणावर ट्रक हमखास रुततो, सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं. थोरली शांतपणे ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि शेवटी विचारायची, इथे मोबाइलला रेंज कुठे येते. आत्याने खरं ते सांगितलं. पंपघराच्या छपरावर येते, वारा बरा असला तर. धाकट्याची तऱ्हाच निराळी. होडीत बसवलं तर तो एवढं तळं सोडून फळीला चिकटलेली गोगलगाय बघत राहिला. संकलन केंद्रात दुधाचं फॅट मोजायचं यंत्र दाखवलं, तर त्याला तिथल्या बाईंची मांजर घरी न्यायची होती. शेणाच्या ढिगावर मात्र तो आपण होऊन तीनदा जाऊन आला. ढीग कार्यक्रमात नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याने हाय खाल्ली. धाकटा काय, बहीण जाईल तिकडे जाणार. खरा प्रश्न थोरलीचा होता, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. विचारावं तर ती नाही म्हणाली तर काय करायचं? त्यात तळ्याचं पाणी नेमकं त्याच दिवशी काठावरच्या ठरलेल्या खुणेच्या खाली उतरलं, म्हणजे शनिवारी सकाळी गाळाची मोजणी आली. बाईसाहेब कागदावर मोजणी लिहायला साफ विसरल्या होत्या.

तळ्याकाठच्या लोकांची निम्मी शेती वर्षातले सात महिने पाण्याखाली असते. पाणी ओसरलं की काळाभोर गाळ उघडा पडतो आणि त्यात कलिंगडं अशी धरतात की विचारू नका. पण गाळात ना बांध टिकतो ना खुंटी, म्हणून दरवर्षी सगळं नव्याने मोजायचं. काठावरच्या पांढऱ्या दगडापासून सुरुवात करून एकेका घराने आपल्या ठरलेल्या ढांगा टाकायच्या. एकाच्या संपल्या की तिथून पुढे दुसऱ्याच्या. आकडा मनात मोजायचा आणि बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही. मोजणारा घरातलाच हवा. आणि आकडा चुकला तर त्या घराने गुपचूप बाजूला व्हायचं. सगळ्यांचं मोजून झाल्यावर टोकाला जो दगडगोट्यांचा तुकडा उरेल तो त्यांचा.

आत्याच्या घराच्या ढांगा एकशेवीस. त्या ठरल्या होत्या तिच्या सहाफुटी नवऱ्याच्या पायांवर, आणि आत्या त्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती. तेव्हा तो गेल्यापासून ती दरवर्षी कपडे गुडघ्यापर्यंत खोचून अक्षरशः उड्या मारत मोजायची. बघणाऱ्यांची पोटं दुखायची, पण बोलायला बंदी, त्यामुळे हसायचं तेही मनातल्या मनात. तिच्या मागोमाग पाळी असायची शेजारच्या म्हाताऱ्याची, आणि ती शेवटची, म्हणून दगडगोट्यांपर्यंत उरेल तेवढा गाळ त्याचा. नियमाबाहेर तो शिंकसुद्धा द्यायचा नाही, म्हणून सगळे त्याला कायदा म्हणत.

पोरांना तोंडावर बोट ठेवून काठाकाठाने यायला सांगून आत्या निघाली. पोरं बघतायत म्हटल्यावर तिला जरा जास्तच चेव आला. ढांगा लांब लांब पडू लागल्या. अर्ध्याहून जास्त अंतर झालं असेल-नसेल, तोच एक पाय गाळात रुतला, दुसरा हवेत राहिला आणि आत्या सपशेल तोंडावर आपटली.

धाकटा खदखदून हसला. आत्या कोपरांवर उठून बसली. पाय मुरगळला होता, नाकाडोळ्यांत गाळ गेला होता आणि आठ दिवस जपलेली ऐट कुठल्या कुठे गेली होती. कायदा जवळ आला आणि किती झाल्या होत्या म्हणून त्याने विचारलं. आत्याने आकडा आठवून बघितला. डोकं कोरं करकरीत. सत्तर म्हणाली असती तरी कुणी हरकत घेतली नसती, पण असलं खोटं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. आकडा गेला, असं तिने सांगून टाकलं. कलिंगडं गेली, आणि आता पोरंही गेलीच, असं तिला वाटलं आणि रडू फुटायच्या बेताला आलं.

"चौऱ्याहत्तर," काठावरून थोरली म्हणाली. "पडली ती पंच्याहत्तरावी. ती धरायची का?"

सगळा काठ तिच्याकडे वळून बघायला लागला. कायद्याने कपाळाला आठ्या घातल्या. "वहिनी, ही घरातली का पाहुणी? पाहुण्याचा आकडा चालत नाही."

एका शब्दाने भागलं असतं. तो शब्द आत्याच्या अगदी जिभेवर आला होता. पण पोरीच्या वतीने आपण कोण ठरवणार?

"पाहुणी आहे," ती म्हणाली. "उद्या जायची आहे."

"मी नाही जाणार," थोरली म्हणाली. "आम्ही दोघं वर्षभर इथेच राहणार आहोत. आमचं बुधवारीच ठरलंय, बाबा आल्यावर सांगणार होतो."

आत्याने डोळ्यांतला गाळ पुसायला हात नेला, पण हातालाही गाळच होता. कायद्याने बराच विचार केला. मग पडलेली ढांग धरायची नाही, असा निकाल देऊन चौऱ्याहत्तरपासून पुढे चालायला त्याने पोरीला फर्मावलं. थोरली चपला काढून गाळात उतरली. पाय अकरा वर्षांचे, ढांग ती केवढीशी. आणि तिची प्रत्येक आखूड ढांग कायद्याच्याच पदरात पडणार होती. दहा-बारा ढांगा म्हाताऱ्याने कशाबशा बघितल्या. मग त्याच्याने राहवेना आणि कुणी ढांगा टाकत असताना तो जन्मात पहिल्यांदा बोलला.

"पोरी, पाय जरा लांब टाक. अशाने सगळी जमीन माझ्याकडे येईल."

थोरलीने लक्षही दिलं नाही. ती आपल्या बेताने, एकही आकडा न चुकवता मोजत राहिली आणि एकशेवीसवर जाऊन थांबली. हद्द नेहमीपेक्षा चांगली वीस-पंचवीस पावलं अलीकडे आली होती. कायदा अवघडून गेला. खुंटी थोडी पुढे सरकवली तर माझी ना नाही, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकून हसू लपवायला सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"असू दे, भाऊजी," लंगडत लंगडत तिथवर आलेली आत्या म्हणाली. "आमच्या घरातल्या माणसाने मोजलंय." आणि धाकट्याला खुंटी धरायला लावून तिने ती तिथेच ठोकली.