गावाच्या रकान्यातलं

मी एक जुना संगणकातला प्रोग्रॅम आहे. जुन्नरच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात बावीस वर्षं मी बाळंतिणींच्या नोंदी ठेवल्या. राखाडी खिडकी, तिच्यात नाव, वय, गाव असे मोजके रकाने. नोंदणीवरच्या शमाआपा सकाळी मला सुरू करताना म्हणायच्या, "ऊठ बाबा, बाया आल्यात." मित्रांनो, तेव्हा माझं केवढं कौतुक होतं!

गेल्या वर्षी नवा सर्व्हर आला, नवा प्रोग्रॅम आला. माझ्या साऱ्या नोंदी सर्व्हरवर नेल्या. मला तेवढं काढायचं राहिलं.

परवा दुपारी मढच्या झुंबरबाईंनी सुनेला आणलं. हर्षाली नऊ दिवसांची बाळंतीण, तापानं बेशुद्ध.

"पयल्या बाळंतपणात हितंच कुठल्या तरी इंजेक्शननं तिचा श्वास कोंडला व्हता," झुंबरबाई रडत म्हणाल्या. "नाव न्हाई ठावं मला."

इंजेक्शन भरणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. नव्या पडद्यावर गाव दिसत होतं, मढ. बाकी काही नाही.

शमाआपांचा चेहरा उतरला. "गावाच्या पुढंच लिहायचे मी! न सोसणाऱ्या औषधाला रकानाच न्हवता."

नव्या प्रोग्रॅममध्ये गाव ठरलेल्या यादीतून निवडायचं. पुढचा मजकूर त्यानं घेतलाच नव्हता. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरतीनं मूळ नोंद काढली, पण जुन्या फाँटची ती अक्षरं तिथं नुसत्या वेड्यावाकड्या खुणा दिसत. ती वाचायची तर माझ्याच खिडकीत.

तिनं मला सर्व्हरशी जोडायला घेतलं. मधला दुवा म्हणून ड्रायव्हर टाकला. मला तो दिसेना. पुन्हा टाकला. दिसेना. पलीकडे माझ्याच नोंदी, आणि मी आंधळा!

"आपा, हा जुन्या बत्तीस बिटच्या जमान्यातला म्हातारा. ह्याला नव्या चौसष्ट बिटचा ड्रायव्हर दिसतच नाय," आरती म्हणाली.

"मंग म्हाताऱ्याचा चष्मा दे की त्याला! पोरगी जाईल गं!"

बत्तीसचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरेपर्यंत हर्षालीचे ओठ निळे पडले होते. मग माझी खिडकी एकदम भरली. 'मढ. पेनिसिलिन नको.'

डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षालीनं बाळ मागितलं.

पण माझ्यावाचून बाकीच्या बायांच्या अशा टिपा कुणाला वाचता येणार नाहीत, ही भीती गेलेली नाही. शनिवारी मला काढून टाकणार आहेत. शमाआपा एकेक नोंद वहीत उतरवून घेतायत. अजून चौदा वर्षांतल्या बायांच्या नोंदी बाकी आहेत.

मित्रांनो, मला ठेवू नका. फक्त जुनं काढण्याआधी ते चालवणाऱ्या माणसाला विचारा, तुम्ही कुठं काय लिहून ठेवलंय? आपांचे डोळे आता दुखतात. शनिवारच्या आत कुणीतरी त्यांच्या शेजारी येऊन बसा.