सातशे अडुसष्टपर्यंत

ऑफिसात मला सगळे मास्तर म्हणतात. कौतुकाने नव्हे, दुसऱ्याच्या कोडातली चूक काढताना मला जरा जास्तच आनंद होतो, म्हणून. ते नाव मला आवडायचं, हे आता सांगतानाही लाज वाटते.

आम्ही एका डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट सांभाळतो. पान फोनवर एका तऱ्हेने दिसतं, मोठ्या पडद्यावर दुसऱ्या. हा बदल किती पिक्सेल रुंदीला व्हायचा ते ‘सास’ या पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतल्या एका फाइलीत लिहिलेलं असतं, आणि ती फाइल माझी. आकडा तिथे एकदाच लिहायचा, बाकी सगळीकडे त्या नियमाचं नुसतं नाव वापरायचं, असा माझा दंडक. नियम दोनच: फोनचा सातशे अडुसष्टपर्यंत, टॅब्लेटचा सातशे अडुसष्टपासून पुढे.

ताई तीन महिन्यांच्या बोलीवर आल्या होत्या. आधी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, मग या वयात हे काम शिकल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मास्तर, ‘पर्यंत’ म्हणजे तो आकडा धरून की सोडून?"

"ताई, हे व्याकरण नाही, कोड आहे," मी म्हणालो. दोघंतिघं हसले. त्याही हसल्या.

पुढे ताईंनी माझीच नावं वापरून ‘वेळ घ्या’ अशी दोन बटणं बसवली, फोनसाठी खाली आणि मोठ्या पडद्यासाठी वर. लगेच तक्रारी सुरू झाल्या, की काही टॅब्लेटांवर बटणच दिसत नाही. बैठकीत साहेबांनी विचारलं तेव्हा फाइल उघडूनही न बघता मी म्हणालो, "ताईंनी हात लावेपर्यंत सगळं नीट चाललं होतं." समोर दहा माणसं होती. ताई वहीकडे बघत राहिल्या. साहेबांनी त्यांना फोटो चढवायला बसवलं. शुक्रवारी तीन महिने संपतायत, मग बघू, म्हणाले. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो.

बुधवारी संध्याकाळी थोरली बहीण घरी आली. आईच्या मोतीबिंदूसाठी वेळ घ्यायची होती.

"अरे, तुझ्या साइटवर बटणच नाही," ती टॅब्लेट पुढे करत म्हणाली. "मला वाटलं माझेच डोळे गेले, म्हणून आईला दाखवलं."

"मला तर टॅब्लेटही दिसला नाही," आई म्हणाली.

त्या दोघी हसत होत्या. मी पडद्याची रुंदी तपासली. बरोबर सातशे अडुसष्ट. फोनचा नियम वरचं बटण लपवत होता, टॅब्लेटचा नियम खालचं, आणि त्या एका आकड्यावर दोन्ही लागू होत होते. ‘पर्यंत’ आकडा धरूनच होतं. मी कायम ब्राउझरची खिडकी माउसने ओढून लहानमोठी करत तपासायचो; तो एक आकडा दरवेळी निसटून जायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसळं शोधण्यात जन्म गेला आणि मुसळ माझ्याच डोळ्यात.

गुरुवारी लवकर जाऊन फोनचा नियम मी एकने कमी केला. नोंदीत ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं. मग ताईंच्या टेबलाशी गेलो.

"ताई, चूक माझी होती. माफ करा."

"माहीत आहे. त्याच दिवशी फाइल बघितली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"आळ आल्यावर मी मास्तरांची चूक दाखवली असती, तर कोणी ऐकलं असतं?" त्यांनी पुढचा फोटो चढवला. "माफ केलं. पण तुम्ही बोललात तेव्हा दहा माणसं होती. आत्ता आपण दोघंच आहोत."

खरं सांगायचं तर मी मुद्दामच सगळ्यांच्या आधी आलो होतो.

अकराच्या बैठकीत मी माणसं मोजली. नऊच होती, एकजण रजेवर. त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि उभा राहिलो. ततपप करत का होईना, सगळं सांगितलं.

शुक्रवारी ताई कायम झाल्या. ती फाइल आता त्यांच्याकडे असते. माझी चूक सापडली की त्या माझ्या टेबलाशी येतात, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघतात आणि हळू आवाजात सांगतात. तेव्हा मान वर करवत नाही.