नीराबाईंची उडी

माझे सासरे, चंदरमामंजी, छत्रीधारी पलटणीत होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी विमानातून टांगाईलला उडी मारली, ही हकिकत दिवेआगरात आमच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नाश्त्याबरोबर फुकट मिळते. हवेत ते होते जेमतेम मिनिटभर. पण पाहुणे जितके ऐकणारे, तितकी उडी लांबते. गेल्या मे महिन्यात ते चांगले पाऊण तास तरंगत होते.

सासूबाई, नीराबाई, चोपन्न वर्षं हे ऐकतायत. परवा त्या म्हणाल्या, "ती बोटीला बांधून छत्री उडवतात ना, तिच्यात मला बसायचं हाय."

"या वयात?" मामंजी म्हणाले.

"उडायचं ते तुमीच, असं कुठं लिवलंय व्हय?"

किनाऱ्यावर छत्री उडवणारा विनेश मामंजींच्या तावडीत सापडला. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, हूक दोनदा काढून लावला.

"आमच्या पलटणीत उडीआधी म्होरल्याचा हूक मागचा तपासतो," ते म्हणाले.

"काका, तुमच्या मागं रांग लागलीय," विनेश म्हणाला.

बोट सुटली आणि सासूबाई काष्टा सावरत पोफळींच्याही वर गेल्या. मामंजी मात्र समुद्राकडे पाठ करून, सासूबाईंच्या चपला छातीशी धरून उभे. एवढा लढाईतला जवान, पण वर बघेना.

"मामंजी, बघा की, हात हलवतायत," मी चिडवलं.

"उतरली का सांग."

चपला त्यांनी आणखी घट्ट आवळल्या. मला माझीच लाज वाटली.

पाच मिनिटांनी त्या वाळूवर उतरल्या आणि चपला मागू लागल्या. मामंजी त्या सोडेनात.

"घाबरलात व्हय?"

"पाच मिंटं लय लांब असतात गो."

"मी तेवीस दिवस काढले," त्या शांतपणे म्हणाल्या. "लढाईवरनं तुमचं पत्र येईस्तवर. कोनी कधी इचारलं न्हाय."

मामंजींनी खाली वाकून चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी उडीची गोष्ट मागितली. मामंजींनी नेहमीची खुर्ची ओढली आणि तिच्यावर सासूबाईंना बसवलं.

"आधी हिचे तेवीस दिवस आयका," म्हणाले, आणि स्वतः चहा टाकायला आत गेले. साखर कुठे असते, ते त्यांनी मला विचारलं.