पाणी मुरतंय कुठे

ताईची गाडी शनिवारी सकाळी दहा वाजता परक्याच्या घरी जाणार होती, आणि त्याला कारण होता तिचा सख्खा धाकटा भाऊ. निदान तो स्वतः तरी तसंच समजत होता. सगळा रस्ता त्याला मिस्त्री म्हणायचा. तीस वर्षं इंजिनं उघडून त्याने ते नाव मिळवलं होतं. ताई मात्र त्याला अजून छोट्याच म्हणायची. छोट्याला बावन्नावं लागलं होतं, गुडघे कुरकुरत होते, मिशी पांढरी झाली होती. पण थोरल्या बहिणीपुढे असले पुरावे चालत नाहीत.

ताई नर्स होती. निवृत्त झाल्यावर वर्षभर घरी बसली आणि त्या वर्षात तिने घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. रोज कपाटं लावायची, येईल त्याचं ब्लडप्रेशर मोजायची. टपाल द्यायला आलेल्या माणसालाही तिने एकदा बाही वर करायला लावली होती. शेवटी साठाव्या वर्षी ती गाडी शिकली, भावाने शोधून दिलेली एक जुनी गाडी घेतली, आणि आठवड्यातून तीन दिवस डोंगरावरच्या दवाखान्यात जखमा धुवायला, पट्ट्या बदलायला जाऊ लागली. तिकडे दुसरं वाहन जात नव्हतं. गाडी गेली की दवाखानाही गेला, इतका सरळ हिशोब होता.

दोन महिन्यांपूर्वी ही गाडी चढणीवर तापली. बॉनेटमधून वाफ आली आणि ताई ती ओढून आणून भावाच्या दारात उभी राहिली. इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी तळाला गेलं होतं. मिस्त्रीने ते भरलं, हातपंप लावून दाब दिला, आरसा आणि टॉर्च घेऊन कानाकोपरा धुंडाळला. पंपावरचा दाबाचा काटा तसूभर हलला नाही. पाणी इंजिनाच्या पोटात जातंय की काय म्हणून धूरही बघितला, तोही स्वच्छ. मग त्याने पाण्याच्या टाकीवर काळ्या पेनाने एक ठळक रेघ मारली आणि गाडी घरी पाठवली. पुढचे तीन आठवडे ताई अधूनमधून गॅरेजवर येऊन दाखवून जायची. पाणी दर वेळी रेघेवर. वर नाही, खाली नाही, बरोब्बर रेघेवर.

"ताई, गळती नाही," त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं.

"मग ते पाणी गेलं कुठे? यात कुठेतरी पाणी मुरतंय, छोट्या."

"मुरलं असतं तर ओल दिसली असती," असं म्हणून तो निर्धास्त झाला.

आणि मागच्या बुधवारी गाडी पुन्हा चढणीवर बसली. टाकी कोरडी ठणठणीत. दवाखान्यात एक म्हातारी पायाची जखम उघडी ठेवून दुपारपर्यंत ताईची वाट बघत बसली होती. ते कळलं तेव्हा ताई रडली नाही, चिडलीही नाही. शांतपणे म्हणाली, "माझ्या भरवशावर कुणाला बसवून ठेवणं मला जमणार नाही." चौकातल्या चष्मेवाल्याला गावात फिरण्यापुरती गाडी हवीच होती. शनिवारी दहा वाजता तो न्यायला येणार, असं ठरलं.

ताई चिडली असती तर मिस्त्रीला परवडलं असतं. शुक्रवारभर त्याचं कशात लक्ष लागेना. दुसऱ्याच्या गाडीत तेल ओतताना बुडाचं बूच लावायचं राहिलं आणि तेल सगळं फरशीवर आलं. ती फरशी पुसता पुसता त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. ताईची गाडी त्याच्याकडे नेहमी धावून नाहीतर तापून यायची. गरम यायची, गरमच तपासली जायची. रात्रभर उभी राहून गार पडलेली ती गाडी त्याने आजवर बघितलीच नव्हती.

शनिवारी साडेसहाला तो पंप घेऊन ताईच्या घरी पोचला. गाडीचं बॉनेट उघडं होतं. टाकीसमोर गुडघे वाकवून, एक डोळा मिटून भावोजी उभे होते. त्यांच्या हातात वाकड्या नळीची प्लास्टिकची बाटली होती आणि ते थेंब थेंब पाणी सोडत होते. भावोजींची सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली होती. घरात साखरेचा डबा भरायचा तरी ते डोळा पातळीला आणून बघत.

"भावोजी, हे काय चाललंय?"

"रोजचंच. थांब, हलवू नकोस." शेवटचा थेंब पडला. "हं. झालं."

"रोज भरता?"

"मग? तूच तर रेघ मारून दिलीस. सकाळी बोटभर कमी असतं, मी भरून ठेवतो. डिस्टिल्ड आहे हं, नळाचं नाही."

मिस्त्री पायरीवर मट्‌कन बसला. "भावोजी, पाणी किती उतरतंय ते बघायला रेघ मारली होती मी."

"मग तसं लिहायचं बाजूला. आमच्याकडे रेघ म्हणजे इथपर्यंत भरा."

"आणि खाली फरशीवर थेंब नव्हते दिसत?"

"असायचे चार-दोन. पुसून टाकायचो. रोज सकाळी पुसतोच मी."

मिस्त्रीने बोटांवर मोजलं. मागच्या पंधरवड्यात भावोजी आठ दिवस बहिणीकडे गेले होते, आणि ते परत यायच्या आदल्या दिवशीच गाडी चढणीवर बसली होती. त्याला हसावं की रडावं कळेना. तीन आठवडे ज्या रेघेवर त्याने विश्वास टाकला, ती रेघ एक निवृत्त माणूस रोज सकाळी डोळा मिटून सांभाळत होता.

पण हसायला वेळ नव्हता. त्याने गार इंजिनाला पंप लावला, दाब दिला. काटा चढला, थांबला, आणि हळूहळू खाली यायला लागला. आयुष्यात काटा पडताना बघून त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता. इंजिनाखालचा प्लास्टिकचा ट्रे उतरवला तर त्यात वाटीभर पाणी साचलेलं. तो पाठीवर सरकत आत गेला, आरसा धरला. इंजिनाच्या मागे, हीटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या तोंडाशी फिकट हिरवा थेंब फुगत होता. त्याने भावोजींना गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन तापलं, रबर फुगलं, आणि थेंब बंद झाला. म्हणून गॅरेजमध्ये कधी सापडत नव्हता.

पाइपवर स्क्रूने आवळायची क्लिप होती. ती बघून मिस्त्रीचा आनंद जागच्या जागी विरला. या ठिकाणी स्प्रिंगची क्लिप येते. रबर गारठून आकसलं की तीही त्याच्याबरोबर आवळत जाते. दोन वर्षांपूर्वी, ताईची गाडी म्हणून जास्त पक्कं करावं या मायेपोटी, ती काढून ही लोखंडी क्लिप त्यानेच आवळली होती.

गाडीखाली पडल्या पडल्या त्याच्या मनात येऊन गेलं की हे सांगितलंच पाहिजे असं नाही. क्लिप बदलली की झालं. मग तो बाहेर आला, कारण ताई पायरीवर उभी होती आणि ताईपुढे त्याला कधी खोटं जमलंच नव्हतं.

"चूक माझी आहे, ताई," तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

ताईने आधी भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे एकाने गळती लावली आणि दुसऱ्याने ती झाकली. आणि मी बिचाऱ्या गाडीला बोल लावतेय."

"मला वाटलं, एवढं पाणी लागतच असेल तिला," भावोजी बाटलीचं झाकण फिरवत म्हणाले.

"निदान मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर काळजी करत बसली असतीस. जाणं बंद केलं असतंस." त्यांनी बाटली खाली ठेवली. "दवाखान्यातून येतेस तेव्हा तू स्वयंपाकघरात गुणगुणत असतेस. घरी बसली होतीस त्या वर्षात एकदाही ऐकलं नव्हतं. म्हणून भरत होतो."

ताई तडक आत गेली. मिस्त्रीने मान खाली घालून डब्यातून स्प्रिंगची क्लिप शोधली आणि गरजेपेक्षा बराच वेळ शोधत राहिला.

क्लिप बसवली. इंजिन पुन्हा गार होईपर्यंत दोघांनी गप्पा मारत चहा घेतला. मग पंप लावला, आणि या वेळी काटा चढला तिथेच ठाण मांडून बसला. नवं हिरवं पाणी भरेपर्यंत साडेनऊ झाले. तेवढ्यात ताई पट्ट्यांची पिशवी खांद्याला लावून बाहेर आली.

"आज शनिवार आहे, तुझा दवाखान्याचा दिवस नाही," मिस्त्री म्हणाला.

"म्हातारीचा पाय बुधवारपासून तसाच आहे. सरक."

तो सरकला. गाडी फाटकातून निघाली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि मिस्त्रीला आतून इतकं बरं वाटलं की काळे हात पुसायचंही त्याला सुचलं नाही.

दहाच्या ठोक्याला चष्मेवाला आला. त्याने रिकाम्या जागेकडे बघितलं, मग भावोजींकडे.

"अहो, गाडी कुठाय?"

"नाही मिळायची आता," भावोजी म्हणाले. "दोघी कामावर गेल्यात."