सुटा बोंबील

"स्टेफनी, उठ तिथून. डॉक्टरनी तुला झोपून राहायला सांगितलंय का न्हाय?"

"झोपलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, पप्पा."

स्टेफनी मासळीच्या पाटीसमोर बसली होती. विसावाच आठवडा, पण पोट आठव्या महिन्याचं दिसत होतं. हात मात्र थांबत नव्हते. दोन बोंबील उचलायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर टाकायची. एक इकडे, एक तिकडे. एक सुटला की दुसराही खाली वाळूत.

शेजारच्या दोरीवरून जॉयस आंटी हसली. "कॅजिटन, सोड तिला. मॅबेलची पोर हाय ती. मॅबेलनं तरी कधी कुणाचं ऐकलंन?"

बायकोचं नाव निघालं तसा कॅजिटन समुद्राकडे बघायला लागला. तिला जाऊन नऊ महिने झाले होते.

सकाळी भाईंदरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. बाळं दोन, वार एकच. एकाचं रक्त दुसऱ्याकडे जातंय. एकाभोवती पाणी मावत नाही, दुसऱ्याभोवती उरलंच नाही. मधल्या रक्तवाहिन्या मुंबईत लेझरने बंद करता येतील, पण उद्याच. "दोन्ही राहतील, एक राहील, कदाचित एकही नाही. काहीच केलं नाही, तर बहुतेक दोन्ही जातील. संध्याकाळपर्यंत कळवा."

नवरा, मेल्विन, बोटीवर. वायरलेसवरून एवढंच आलं, "तू ठरवशील ते." तेव्हापासून ती घरातून ओट्यावर, ओट्यावरून इथे, अशी येरझाऱ्या घालत होती. विचारायचं ते जिला, ती मम्मी सिमेट्रीत.

पाटी संपली. तळाशी एकच बोंबील उरला. तिने तो दोरीवर टाकून पाहिला. घसरला. पुन्हा टाकला. पुन्हा घसरला.

"पप्पा, सुटा उरला की मम्मी काय करायची?"

"टाकायची न्हाय." कॅजिटन म्हणाला. "जाल्याचा धागा घ्यायची नि बांधायची. मी हसायचो, एका बोंबलासाठी केवढा खटाटोप! तर म्हणायची, त्याचा काय गुन्हा?"

स्टेफनीने फाटक्या जाळ्यातून धागा ओढला. गाठ तिसऱ्या खेपेला बसली. मग मासळीचे हात गाऊनला पुसून तिने फोन लावला.

"मॅडम, उद्या येते मी."

लेझरच्या दुसऱ्या दिवशी मुंबईच्या हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या पडद्यावर एकच ठोका हलत होता.

"कुठलं?" तिने विचारलं.

"लहान," डॉक्टर म्हणाले. "ज्याची आम्हाला आशा नव्हती ते." मग आवाज उतरवून, "दुसरं आत तसंच राहील. जन्मापर्यंत."

तिने मान हलवली. पोटावरचा जेल पुसायला सिस्टर पुढे आली, तर तिच्या हातातून कागद घेऊन स्टेफनीने स्वतःच पुसला. सगळीकडून, सावकाश.

चौथ्या दिवशी रिक्षा घरी, उत्तनला पोचली तेव्हा दोऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. सुकी मासळी गोणीत भरलेली. एका दोरीवर तेवढा एक बोंबील वाऱ्यावर हलत होता.

"हा राहिला?"

"तू बांधलास. तूच सोड."

तिने गाठ चाचपली. मासा वाळून हलका झाला होता, धागा सैलावला होता.

"राहू दे पप्पा आज."

तिने गाठ जराशी आवळली आणि झोपायला घरात गेली.