दोरा तोडणारा दात

माझ्या थोरल्या जाऊबाई दोरा दातानेच तोडायच्या. पुढच्या खोलीत आम्ही दोघी शिवणकाम करायचो. मशिनी दोन, कात्री मात्र कायम माझ्याच बाजूला. "तुझी कात्री सापडेपर्यंत माझी बाही लावून होते," असं म्हणायच्या. वर्षानुवर्षं दोरा ओढून त्यांच्या पुढच्या दातांना बारीक खाच पडली होती. हसल्या की आधी ती दिसायची.

त्यांच्या जिभेखाली गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी किरणांचे उपचार सांगितले आणि त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं.

"आजार रेड्याला, औषध पखालीला," जाऊबाई जिना चढताना पुटपुटल्या.

दातांचे डॉक्टर तरुण होते, शांतपणे समजावणारे. "किरणांनंतर जबड्याचं हाड पूर्वीसारखं भरून येत नाही. तेव्हा दात काढायची वेळ आली तर जखम चिघळते. म्हणून दुखरा दात आत्ताच काढायचा, जखम भरू द्यायची, मग किरण. एखादा दुखतोय का?"

"एकही नाही. अक्रोड फोडून दाखवू?"

एक्स-रेच्या फोटोतही काही दिसलं नाही. आम्ही घरी आलो.

दुपारी एका फ्रॉकला झालर लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "धाकटे, कात्री दे गं."

मी दिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी मशीन थांबवली.

"ताई, कुठला दात?"

"कसला दात?"

"मी या घरात आल्यापासून तुम्ही कधी कात्री मागितली नाहीत."

त्या कापडावरून हात फिरवत राहिल्या. "खालचा, पुढचा. दोरा धरला की कळ जाते. गाठ झाली ती झाली गं. निदान हसताना तरी मी मीच दिसू दे."

"आणि जबडा सडल्यावर हसाल?"

"फार बोलतेस."

"तुम्हीच डोक्यावर चढवलंय. उद्या जायचं."

डॉक्टर रागावले नाहीत. दात हलकेच ठोकून पाहिला, तर त्याला केसाएवढी चीर होती. तो काढला. जखम भरल्यावरच किरण सुरू झाले.

तोंडाला कोरड पडायची. सतत घोटघोट पाणी, मिठासोड्याच्या चुळा आणि झोपण्याआधी दातांवर औषध भरलेला साचा. साचा तोंडात असला की त्यांना बोलता यायचं नाही. तेवढ्यात मी आमची जुनी भांडणं उकरून एकेक निकाल माझ्या बाजूने लावून घ्यायची. "हरकत असेल तर आत्ताच सांगा," म्हणायची. त्या मोजपट्टीने मला फटका मारायच्या. एकदा इतक्या हसल्या की औषध हनुवटीवर ओघळलं.

उपचार संपून अंगात जरा जोर आल्यावर त्या पुन्हा मशिनीवर बसल्या. दातांवर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाही लावून झाली तसा त्यांनी दोरा माझ्या तोंडापुढे धरला.

"तोड."

"ही घ्या की कात्री," मी कात्री पुढे केली.

"तू तोड गं," म्हणाल्या आणि हसल्या. दाताच्या जागी छोटी खिडकी दिसली. त्याच होत्या, अगदी त्याच.

पुढे त्या बरीच वर्षं होत्या, आणि तेवढी वर्षं दोरा मीच तोडला. परवा दातांच्या एका नव्या डॉक्टरांनी माझ्या दाताची खाच पाहिली.

"बुजवून देऊ का, आजी?"

म्हटलं, "राहू दे."