आडव्या फांद्या

मंगळवारी सकाळी सव्वासातला वुथी शेवयांच्या टपरीवरून उठला आणि चिंचेच्या वाटेला लागला. त्यानंतर तो कुणाला दिसलेला नाही.

वय तेहेतीस. एकोणऐंशी सालच्या युद्धातल्या पळापळीत, नऊ वर्षांचा असताना, तो सरहद्द ओलांडून थायलंडच्या छावणीत पोचला आणि तिथून फ्रान्सला गेला. धाकटी बहीण चान्नारी कंबोडियातच राहिली. तिला शोधायला तो गावी परत आला होता. येताना दोन महिने हनोई, व्हिएन्तियान, बँकॉक असा फिरला.

"लाओसात मला थाई समजले, थायलंडात व्हिएतनामी," तो टपरीवाल्या फाल्लामावशीला म्हणाला.

"आणि आम्ही जपानी समजलो! आपली भाषा बोलतोस, तीही नऊ वर्षांच्या पोरासारखी. रस्सा घे अजून, गोऱ्यांनी उपाशीच ठेवलेलं दिसतंय."

वुथी हसला. "चिंचेजवळ आमचं घर होतं. आई शेतात गेली की वाटेच्या तोंडाशी दोन फांद्या आडव्या टाकायची. म्हणजे मी इकडे आहे, या. चान्नारीलाही ते ठाऊक आहे."

"घर कुठलं आता! रान माजलंय. तिकडे कुणी जात नाही."

"का?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. उत्तर राहून गेलं.

या गावात वाटेवर आडव्या फांद्या म्हणजे पुढे युद्धात पेरलेले सुरुंग. चार वर्षांचं पोरही तिथून मागे फिरतं. हे कुणाला सांगावं लागेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

साडेआठला शेवया वाढता वाढता मावशीचा हात थांबला. तिने गावप्रमुख मेआसला हाक मारली.

वाटेच्या तोंडाशी दोन फांद्या होत्या. धुळीतली पावलं त्या ओलांडून सरळ पुढे गेली होती. मेआसने तिथूनच हाका मारल्या. ओ आली नाही. स्फोटही कुणी ऐकलेला नाही.

"फांद्या तूच टाकल्यास ना रे?" मावशीने विचारलं.

"माझे बांबू होते, मावशी. पावसाळ्यात वाहून गेले, पुन्हा टाकायचे राहिले." तो वाकला. "ही चिंच आहे, आजच तोडलेली. पाला आत्ता कुठे मिटायला लागलाय."

गावात एकोणीस घरं. मेआसने सगळीकडे विचारलं. फांद्या टाकल्याचं कुणीच कबूल केलं नाही. गावात चिंच एकच आहे, ती आत, सुरुंगांच्या रानात, दोनशे पावलांवर.

सुरुंग काढणारी तुकडी गुरुवारी येणार आहे. तोवर फांद्यांना हात लावू नका, असं तिने कळवलं आहे.